कळ दाबली, अक्षर पोहोचले का?

आजच्या धाग्यात लढाई नाही, किल्ला नाही आणि वंशावळही नाही. कळफलकावर दाबलेली एक कळ काळ्या पडद्यावरच्या प्रोग्रामपर्यंत कशी पोहोचते, एवढाच विषय. तो संगणकवाल्यांवर सोडून द्यावा असे अनेकांना वाटेल. मला तसे वाटत नाही, आणि त्याचे कारण एका नावात आहे.

२०१४ साली आम्ही काही जण एका खासगी संग्रहातील मोडी कागदांची सूची करीत होतो. संगणक दुसऱ्या गावात होता. आम्ही घरून त्यात दूरस्थ प्रवेश करायचो. काळ्या पडद्यावर एक छोटा प्रोग्राम एकेक ओळ विचारायचा: नाव, गाव, साल. आम्ही देवनागरीत उत्तर टंकायचे आणि एंटर दाबायचे. चूक झाली तर बॅकस्पेस. पडद्यावर सारे स्वच्छ दिसे. काही महिन्यांनी सूची अकारविल्हे लावली, तेव्हा एक ‘खंडो’ ‘ख’ मध्ये नव्हता. तो ‘ह’ च्याही पुढे, अगदी शेवटी जाऊन बसला होता, आणि त्याच्या डोक्यावर काळ्या शंकरपाळीतले प्रश्नचिन्ह होते. पूर्ण नाव देऊन शोध घेतला तर तो सापडतच नव्हता. अशी आणखीही नावे निघाली.

त्यावर दोन निदाने झाली. एक, ‘फॉन्टचा घोळ असेल.’ दुसरे, ‘देवनागरी फार क्लिष्ट आहे हो, संगणकाला झेपत नाही.’ पहिले निदान चूक आहे. दुसरे चूक तर आहेच, शिवाय ते आपण स्वतःच्या लिपीविषयी किती सहजपणे बोलतो याची मला चीड आहे. त्या खंडोचे नाव बिघडवणारी गोष्ट आपल्या लिपीत नव्हती. ती १९६३ सालच्या एका यंत्रात होती.

ते यंत्र म्हणजे टेलिटाइप मॉडेल ३३. तारेने संदेश पाठवणारा टंकलेखक म्हणा. त्याच वर्षी अमेरिकेत ॲस्की ही संकेतावली प्रमाण म्हणून जाहीर झाली: सात बिट, १२८ संकेत. मॉडेल ३३ ला इंग्रजीची लहान अक्षरेसुद्धा येत नसत, फक्त मोठी. वेग सेकंदाला १० अक्षरे. एक कळ दाबली की एक संकेत तारेवर जाई, आणि पलीकडे कागदावर एक अक्षर उमटून छपाईचा डोलारा एक घर पुढे सरके. एक कळ, एक संकेत, एक घर. त्या यंत्रापुरते हे समीकरण अगदी खरे होते, आणि ते करणाऱ्यांना दोष देण्याचे कारण नाही. प्रत्येक बिटाला पैसे पडत होते.

पुढे १९६९ पासून बेल लॅब्जमध्ये युनिक्स घडले ते अशाच यंत्रांसमोर बसून. म्हणून आजही लिनक्समध्ये टर्मिनलला ‘टीटीवाय’ म्हणतात. टेलिटाइपचेच ते संक्षिप्त नाव. यंत्र भंगारात गेले, पण त्याचे समीकरण मात्र वारसाहक्काने पुढच्या पिढीकडे आले.

बाइट आठ बिटांचा, ॲस्की सातांची. उरलेल्या आठव्या बिटाचे काय झाले, हे सांगण्याजोगे आहे. कुणी तो तारेवरच्या चुका पकडायला वापरला. मूळ बोर्न शेलने अवतरणचिन्हांत आलेल्या अक्षरांवर खूण करायला तो स्वतःच्या कामी लावला. टर्मिनलच्या मांडणीत ‘आठवा बिट छाटून टाका’ असा एक पर्याय आजतागायत आहे. घरात एक खोली रिकामी दिसली म्हणून ज्याने त्याने आपले सामान आणून ठेवले. त्या खोलीत उद्या कुणी राहायला येईल, हे कुणाच्या मनात आले नाही.

मग पडद्याची टर्मिनले आली. १९७८ च्या व्हीटी१०० ला बाणांच्या कळी होत्या, पण बाणाला ॲस्कीत संकेत कुठला? म्हणून वरचा बाण दाबला की तीन संकेत एकामागून एक जात: २७, ९१, ६५. त्यांतला २७ म्हणजे खुद्द एस्केपची कळ. म्हणजे २७ आला की प्रोग्रामने क्षणभर थांबून पाहायचे: माणसाने एस्केप दाबली, की बाणाचे पहिले पाऊल पडले? समीकरणाला पहिला तडा इथेच गेला, आणि तो देवनागरीमुळे गेलेला नाही. इंग्रजी कळफलकावरच एक कळ म्हणजे तीन बाइट झाले होते. त्यासाठी मात्र इंग्रजीला कुणी क्लिष्ट म्हटले नाही!

हा गुंता प्रत्येक प्रोग्रामने वेगळा सोडवू नये म्हणून बर्कली विद्यापीठात केन अर्नोल्ड यांनी १९८० च्या सुमारास कर्सेस नावाचा आज्ञासंग्रह रचला. (नाव कर्सरवरून आले, पण इंग्रजीत त्याचा अर्थ ‘शिव्याशाप’ असाही होतो, ज्यांनी तो वापरला त्यांना कोटी लगेच कळते. ‘रोग’ हा प्रसिद्ध खेळ याच कर्सेसवर उभा राहिला. तेही इंग्रजी नाव, आजाराशी संबंध नाही.) कर्सेसमध्ये कळ वाचणारी आज्ञा ‘गेटसीएच’. साधे अक्षर आले तर ती त्याचा बाइट देते, म्हणजे २५५ पर्यंतचा आकडा. बाण आला तर ते तीन बाइट स्वतः गोळा करून एकच आकडा देते, २५५ च्या पलीकडचा: खालचा बाण २५८, वरचा २५९, डावा २६०, उजवा २६१.

रचना सुबक आहे. २५६ च्या आत अक्षरे, बाहेर बाण. गावकुसाच्या आत माणसे, बाहेर रान. पण अक्षरे गावकुसाबाहेरही राहतात, हे तिला ठाऊक नव्हते.

जपानला ते आधीपासून ठाऊक होते. १९७८ च्या जपानी प्रमाण संकेतावलीत ६,३४९ कांजी चिन्हे होती. ती एका बाइटात मावणे अशक्य, म्हणून एका चिन्हाला दोन बाइट. त्याच वर्षी तोशिबाने जेडब्ल्यू-१० हा जपानी शब्दलेखक जाहीर केला. त्यात उच्चारी काना लिपीत टंकायचे, यंत्र योग्य कांजी सुचवते, आणि माणसाने होकार दिला की मगच ते चिन्ह मजकुरात जाते. म्हणजे कळ दाबणे ही एक घटना आणि अक्षर ठरणे ही दुसरी, हा विचार तिथे बाजारात आला होता.

पूर्व आशियाच्या या गरजेतूनच ‘रुंद वर्ण’ जन्मला. १९८९ च्या सी भाषेच्या प्रमाणात त्यासाठी ‘डब्ल्यूचार_टी’ हा प्रकार आला. १९९५ च्या दुरुस्तीने तो वाचण्या-लिहिण्याच्या आज्ञा आल्या. आणि १९९६ च्या सुमारास एक्स/ओपनच्या कर्सेस प्रमाणात ‘गेट_डब्ल्यूसीएच’ ही नवी आज्ञा आली.

या आज्ञेची रचना समजून घ्यावी, कारण तिच्यात एक जुने भांडण मिटवले आहे. युनिकोडमध्ये २५९ हा क्रमांक ‘ă’ या रुमानियन अक्षराचा आहे. २६१ हा पोलिश ‘ą’ चा. आता आठवा: २५९ म्हणजे वरचा बाण आणि २६१ म्हणजे उजवा! आकडा एकच आणि अर्थ दोन. जुन्याच आज्ञेला थोडे ताणून युनिकोड वाचायला लावले असते, तर बुखारेस्टच्या माणसाने आपल्या भाषेतले रोजचे अक्षर टंकल्यावर कर्सर एक ओळ वर उडी मारता. म्हणून गेट_डब्ल्यूसीएच दोन उत्तरे वेगवेगळ्या हातांनी देते: एका हाताने ‘हे अक्षर आहे’ किंवा ‘ही विशेष कळ आहे’ असा निर्णय, दुसऱ्या हाताने आकडा. शिवाय अक्षराचे सारे बाइट येईपर्यंत ती थांबते आणि तुकडा हाती देत नाही. दप्तरखान्यात आलेला कागद आधी कुठल्या रुमालात बांधायचा ते ठरवावे आणि मग त्यावर क्रमांक घालावा, तसेच हे.

तरीही आज लिहिले जाणारे कितीतरी प्रोग्राम गेटसीएचच वापरतात. धडे तिथून सुरू होतात, इंग्रजीत चालतात, आणि धडा संपतो. त्यात आणखी एक मेख आहे. सी भाषेतला प्रत्येक प्रोग्राम सुरू होतो तो ‘सी’ नावाच्या मूळ स्थानिकतेत, म्हणजे व्यवहारात ॲस्कीतच. ‘सेटलोकेल’ ही एक ओळ सुरुवातीला लिहिली तरच तो वापरणाऱ्याची भाषा विचारतो. ती ओळ विसरली तर गेट_डब्ल्यूसीएच असूनही नसल्यासारखी.

आता पुण्याकडे वळू, कारण या कथेतला सर्वांत दुर्लक्षित अध्याय तिथला आहे.

१९८० च्या दशकात आयआयटी कानपूरमध्ये मोहन तांबे आणि सहकाऱ्यांनी भारतीय लिप्यांसाठी जिस्ट हे तंत्र घडवायला घेतले. १९८८ साली पुण्यात सी-डॅक स्थापन झाले आणि ते काम तिकडे आले. त्याच्या जोडीला इस्की ही भारतीय संकेतावली. १९९१ साली भारतीय मानक ब्यूरोने ती आयएस १३१९४ म्हणून प्रमाण केली. इस्कीची युक्ती अशी: खालच्या १२८ घरांत ॲस्की जशीच्या तशी, आणि वरच्या १२८ मध्ये भारतीय वर्ण. ‘क’ चा संकेत १७९. तो देवनागरीत ‘क’, गुजरातीतही ‘क’, तमिळमध्येही ‘क’. लिपी बदलली की रूप बदलते, वर्ण तोच राहतो. जोडाक्षराला स्वतंत्र संकेत नाही. क, मग पाय मोडण्याची खूण, मग ष. त्याचे ‘क्ष’ दाखवणे हे पडद्याचे काम.

ते काम करायला जिस्टचे कार्ड होते. ते साध्या पीसीत बसवले की डॉसवरच्या इंग्रजी प्रोग्रामांत देवनागरी टंकता आणि वाचता येई. युनिक्ससाठी जिस्टची टर्मिनलेही होती. प्रोग्रामला काही ठाऊक असण्याची गरज नव्हती. तो पूर्वीसारखाच एकेक बाइट वाचत राही. अक्षर जुळवण्याची अक्कल टर्मिनलच्या अंगी होती. माझ्या मते हा त्या काळातला अत्यंत शहाणा निर्णय होता, आणि आपल्या तंत्रेतिहासात त्याला मिळते त्याहून कितीतरी मोठी जागा मिळायला हवी.

अट एकच होती: आठवा बिट शाबूत हवा. तो कुणी छाटला की १७९ चे ५१ होतात, आणि ॲस्कीत ५१ म्हणजे ‘३’ हा आकडा. ‘क’ टंकावा आणि कागदावर तीन यावा! वरच्या त्या रिकाम्या खोलीत राहायला येणारे आपणच होतो.

इस्की टिकली नाही. जगाशी एका फाइलीत नांदायला युनिकोड हवेच होते. युनिकोडने देवनागरीची मांडणी इस्कीच्या १९८८ च्या आवृत्तीवरूनच घेतली, म्हणजे हा वारसा वाया गेला नाही. मग सप्टेंबर १९९२ मध्ये न्यू जर्सीतल्या एका साध्या खाणावळीत केन थॉम्प्सन यांनी, रॉब पाइक समोर बसले असताना, टेबलावर ताटाखाली अंथरायच्या कागदावर यूटीएफ-८ ची रचना मांडली. ॲस्कीला एक बाइट, इतरांना गरजेनुसार दोन, तीन, चार. देवनागरीच्या वाट्याला तीन आले. ‘क’ म्हणजे २२४, १६४, १४९. ‘ख’ म्हणजे २२४, १६४, १५०. रचना अप्रतिम आहे, पण तिने जबाबदारी हलवली: पुण्यात जी अक्कल टर्मिनलमध्ये होती, ती आता वाटेवरच्या प्रत्येक घटकाकडे असायला हवी. एकाकडे नसली तरी पुरे.

आमच्या खंडोचे नेमके हेच झाले. टंकणाऱ्याने चुकून ‘क’ दाबला आणि लगेच बॅकस्पेस. पूर्ण ओळ एंटरने सोपवली जाईपर्यंत ती लिनक्सच्या गाभ्याकडे असते, आणि त्या गाभ्याला हे यूटीएफ-८ आहे याची कल्पना नव्हती. त्याने टेलिटाइपच्या समीकरणाप्रमाणे एक बाइट काढला आणि कर्सर एक घर मागे नेला. पडद्यावरून ‘क’ गेला. आत २२४ आणि १६४ तसेच राहिले. त्यापुढे ‘खंडो’ बरोबर टंकले गेले. डोळ्यांना निर्दोष नाव. फाइलीत दोन बाइटांचा राडारोडा आणि त्यापुढे नाव. बाइटांच्या क्रमाने लावल्यावर ते ‘ह’ च्या पुढे जाणारच.

लिनक्समध्ये यासाठी ‘आययूटीएफ८’ नावाचा खटका २००४ साली आला. पण दूरस्थ प्रवेशाच्या एसएसएच या पद्धतीत तो खटका पलीकडच्या संगणकाला कळवायची प्रमाणित सोयच नव्हती. ती आरएफसी ८१६० ने आली, एप्रिल २०१७ मध्ये. आमची सूची २०१४ ची. एवढेच ते रहस्य.

आणि खटका लावूनही काम अर्धेच होते. आता गाभा एक बाइट नव्हे, एक युनिकोड वर्ण काढतो, पण प्रत्येक वर्णासाठी कर्सर एक घर मागे नेतो. ‘कु’ मधला उकार स्वतःचे घर घेत नाही. तो ‘क’ च्या पायाशी असतो. तो खोडला तरी कर्सर एक घर मागे येतो आणि पडदा व आतला मजकूर यांचे बिनसते. टर्मिनलांत रुंदी मोजण्याचे जे कोष्टक रूढ झाले, ते केंब्रिजच्या मार्कस कून यांचे. त्यात चिनी-जपानी चिन्हाला दोन घरे, उकाराला शून्य, पाय मोडण्याच्या खुणेला शून्य. म्हणजे ‘क्ष’ ची घरे दोन: क चे एक, ष चे एक. वर्ण तीन, बाइट नऊ, घरे दोन, आणि आपल्या लेखी अक्षर एक. इनस्क्रिप्ट मांडणीत तर ‘क्ष’ ला स्वतंत्र कळ आहे. म्हणजे कळही एकच.

गंमत म्हणजे शून्य रुंदीची कल्पना आपल्या टंकलेखकांना जुनीच आहे. देवनागरी टंकलेखन यंत्रात काही खुणांच्या कळी दाबल्या तरी गाडा पुढे सरकत नसे. आपल्या कचेऱ्यांतल्या टंकलेखकांच्या बोटांना हे ज्ञान होते.

इथे ‘एक अक्षर’ म्हणजे काय, याचे एकच उत्तर शोधणाऱ्यांशी माझा मतभेद आहे. काही जण म्हणतात, बॅकस्पेसने पूर्ण जोडाक्षर उडावे. मला ते मान्य नाही. ‘आचार्यांना’ लिहिताना ‘आचाऱ्यांना’ झाले, तर मला फक्त तेवढे बदलायचे असते. गुरुजींचा स्वयंपाकी होऊ नये म्हणून सारी जोडणी पुन्हा करायची नसते. वेलांटी चुकली तर वेलांटीच जावी. बाणाने पुढे जाताना मात्र कर्सर ‘क्ष’ च्या पोटात अडकू नये, पूर्ण अक्षर ओलांडून जावा. खोडताना वर्ण आणि चालताना अक्षर: मराठी टंकणाऱ्याच्या हाताची सवय हीच आहे. ती प्रोग्राम लिहिणाऱ्याला सांगायला त्याच्या शेजारी मराठी माणूस असावा लागतो, किंवा तो स्वतः मराठी असावा आणि त्याने आपल्या आजीचे नाव टंकून प्रोग्राम तपासावा. दुसरी गोष्ट घडते, असे मला फारसे दिसलेले नाही. पुण्या-मुंबईत लिहिलेले प्रोग्रामही इंग्रजी नावांवर तपासले जातात. हा दोष १९६३ च्या यंत्राच्या माथी मारता येणार नाही.

‘काळा पडदा आता वापरतो कोण?’ हा आक्षेप मला ठाऊक आहे. ज्यांच्याकडे जुना संगणक आणि मंद इंटरनेट आहे, ते वापरतात. तालुक्याच्या गावातून दूरच्या संगणकावर काम करणारे वापरतात. कागदपत्रांच्या सूच्या करणाऱ्या संस्थांत पैसा कमी आणि जुनी यंत्रे जास्त, हे तुम्हाला सांगायला नको.

शेवटी आपल्या सर्वांच्या जिव्हाळ्याची गोष्ट. जून २०१४ मध्ये, म्हणजे आमची सूची चालू असतानाच, युनिकोड ७.० मध्ये मोडी लिपी आली. तिला जागा मिळाली ती ६५,५३६ च्या पलीकडे. यूटीएफ-८ मध्ये मोडीच्या प्रत्येक वर्णाला चार बाइट. लिनक्सवर डब्ल्यूचार_टी ३२ बिटांचा असतो, त्यात तो सुखाने मावतो. विंडोजवर तो १६ बिटांचा आहे, आणि १६ बिटांत मोडीचा एकही वर्ण सबंध बसत नाही. त्याचे दोन तुकडे होतात. जपानच्या कांजीसाठी जो ‘रुंद’ मानला गेला, तो मोडीसाठी अरुंद निघाला. तिथे प्रोग्रामने एकेक रुंद वर्ण वाचायचा म्हटले, तर हाती येते ते अर्धे ‘क’.

खंडो आता ‘ख’ मध्ये आहे. आम्ही सूचीतली बिघडलेली नावे एकेक करून हाताने दुरुस्त केली. त्या सूचीत मूळ मोडी लेखन जसेच्या तसे नोंदवण्यासाठी एक रकाना ठेवला होता. तो अजून रिकामा आहे.